१८, ३०, ४०: डायव्हरच्या कार्डावरचे आकडे आले कुठून?

स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याचं, पहिलं प्रमाणपत्र मिळालं की १८ मीटरपर्यंत जायची मुभा. पुढची पायरी ३० मीटरची, आणि खोल पाण्याचं खास प्रशिक्षण घेतलं तर ४०. पॅडी या संस्थेची ही उतरंड जगभर इतकी रुळली आहे की हे आकडे निसर्गानेच आखून दिलेत असं वाटतं. पण ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबचा पहिला टप्पा २० मीटरचा आहे, आणि त्यांचा डायव्ह लीडर ५० मीटरपर्यंत जाऊ शकतो. पाणी तेच, माणसाचं शरीरही तेच.

हे आकडे मुळात फुटांतले आहेत: ६०, १०० आणि १३०. अमेरिकी नौदलाच्या १९५० च्या दशकातल्या तक्त्यात ६० फुटांवर ६० मिनिटं राहून थेट वर येता येई. १३० फुटांवर ही मुदत जेमतेम १० मिनिटं. त्याहून जास्त थांबलात, तर वर येताना टप्प्याटप्प्याने मुक्काम करणं भाग. हौशी माणसाला ते गणित नको, म्हणून तिथेच रेघ ओढणं सोयीचं होतं. शिवाय ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची झिंग चढू लागते. या झिंगेचं खापर १९३५ मध्ये अल्बर्ट बेंके यांनी नायट्रोजनवर फोडलं.

नौदलाच्या तक्त्यांची मुळं आणखी मागे, शेळ्यांपर्यंत जातात. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन माणूस घाईने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये मांडलं. मग ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले आणि १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याचे पहिले शास्त्रशुद्ध तक्ते प्रसिद्ध झाले. आज मनगटावरचं डायव्ह कॉम्प्युटर जे हिशेब करतं, त्यातलं बरंचसं याच कल्पनेचं वाढवलेलं रूप आहे.

ऑक्सिजनची गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘प्राणवायू’ हे नाव इथे घात करतं. मुळात पाठीवरच्या नळकांड्याला आपण सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतो. त्यात बहुतेक वेळा असते ती साधी, दाबून भरलेली हवा. ते बरंच आहे. बेर यांनीच चंडोल पक्ष्यांना नेहमीच्या १५ ते २० पट दाबाच्या हवेत ठेवलं, तेव्हा त्यांना झटके आले. दोष होता दाबाखालच्या ऑक्सिजनचा.

माणसाला हा वायू किती खोलीवर मारतो, हे दुसऱ्या महायुद्धात कळलं. ब्रिटिश नौदलाचे डायव्हर शुद्ध ऑक्सिजनची बंद यंत्रं वापरत. त्यातून बुडबुडे बाहेर येत नाहीत, म्हणून शत्रूला पत्ता लागत नाही. पण सरावात माणसं बेशुद्ध पडू लागली. केनेथ डोनाल्ड या नौदलाच्या डॉक्टरांनी १९४२ पासून स्वयंसेवकांवर प्रयोगांची मालिकाच चालवली. टाकीच्या तळाशी ‘ऑक्सिजन पीट’ नावाचा राक्षस राहतो आणि बेसावध डायव्हरला गाठतो, अशी थट्टाही तिथे रुळली. डोनाल्ड यांना दिसलं ते थट्टेसारखं नव्हतं. कोरड्या कोठीत माणूस जे सोसतो ते पाण्यात सोसत नाही, श्रम केले तर आणखी लवकर कोसळतो, आणि एकच माणूस एके दिवशी काही मिनिटांत हार मानतो तर दुसऱ्या दिवशी दोन तासांहून जास्त टिकतो. म्हणजे स्वतःची परीक्षा घेऊन ‘मला चालतं’ असं कुणी म्हणू शकत नाही. शुद्ध ऑक्सिजनवर २५ फुटांच्या, म्हणजे साडेसात मीटरच्या, खाली जाणं धोक्याचा जुगार ठरवला गेला.

इथेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातला फरक आहे. झिंग चढते ती हळूहळू, आणि वर सरकलं की उतरते. ऑक्सिजनचा झटका पूर्वसूचना न देताही येऊ शकतो. तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं साधन, सुटतं आणि माणूस बुडतो.

प्रमाणपत्रांची पद्धत यानंतर आली. कूस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ मध्ये अ‍ॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र बनवलं आणि थोड्याच वर्षांत ते दुकानांत मिळू लागलं. विकत घ्यायचं आणि उडी मारायची. ब्रिटिश क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला. लॉस एंजेलिस काउंटीने पाठोपाठ शिकवणीवर्ग सुरू केले, १९६० मध्ये नाउई ही प्रशिक्षण संस्था आणि १९६६ मध्ये पॅडी आली. साध्या हवेवर ४० मीटरपर्यंत ऑक्सिजनचा दाब १.०५ बारच्या आसपास राहतो (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब), म्हणून हौशी डायव्हरला डोनाल्ड यांच्या राक्षसाची फारशी फिकीर करावी लागत नव्हती.

नायट्रॉक्सने ती करायला लावली. यात ऑक्सिजन २१ टक्क्यांऐवजी बहुधा ३२ किंवा ३६ टक्के असतो. नायट्रोजन कमी, म्हणून पाण्याखाली जास्त वेळ थांबता येतं. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने १९७० च्या दशकात त्याचे नियम बसवले आणि १९८५ मध्ये डिक रुटकोव्स्की यांनी ते हौशी डायव्हरांना शिकवायला सुरुवात केली. त्यावर मोठा गदारोळ झाला. ‘सैतानी वायू’ म्हणून त्याची हेटाळणी झाली आणि पॅडीने तो स्वीकारायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. आजही ‘नायट्रॉक्स म्हणजे आणखी खोल’ हा गैरसमज ऐकू येतो, आणि मला हाच सगळ्यांत धोकादायक वाटतो. खरं उलट आहे. ऑक्सिजनच्या दाबाची नेहमीची मर्यादा १.४ बार, आणीबाणीची १.६. साध्या हवेत १.४ गाठायला ५६ मीटरच्या पुढे जावं लागतं. ३२ टक्क्यांवर ते ३३.७ मीटरला, ३६ वर २९ मीटरलाच होतं.

म्हणून नायट्रॉक्सचं सिलिंडर घेताना डायव्हर स्वतः ऑक्सिजन मोजून बघतो आणि टक्केवारी व कमाल खोली पट्टीवर लिहून ती सिलिंडरवर चिकटवतो. खिशातल्या कार्डावर ४० आहे आणि पट्टीवर ३३, तर त्या दिवशी ३३ वर थांबायचं.