राक्षसी ताऱ्यांचा द्रव्यऱ्हास

उतारवयात फुगलेल्या तांबड्या ताऱ्याच्या बाहेरच्या थरांतील वायू व धूळ संथपणे आंतरतारकीय अवकाशात निसटून जाण्याची क्रिया. सूर्यासारखा तारा या मार्गाने अखेरीस जवळजवळ निम्मे वस्तुमान गमावतो आणि मागे श्वेतखुजा (ताऱ्याचा लहान, अतिशय दाट गाभा) उरतो.

या प्रवाहालाही वाराच म्हणतात, पण सौरवाऱ्याशी (सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाशी) त्याचे साम्य नावापुरतेच. सौरवारा तप्त, विरळ आणि सेकंदाला सुमारे ४०० किमी. धावणारा, हा थंड, दाट आणि बहुधा सेकंदाला १०–१५ किमी. एवढाच. तरीही सौरवारा वर्षाकाठी नेतो त्याच्या लाखो ते अब्जावधी पट द्रव्य तो नेतो.

ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या शेकडो पट झाल्याने पृष्ठभागावरची गुरुत्वाची पकड सैल पडलेली असते. त्यात तारा शेकडो दिवसांच्या आवर्तनाने स्पंद पावतो आणि प्रत्येक स्पंदाबरोबर आघाततरंग वायूला वर उचलतात. एवढ्यावर वायू सुटत नाही, त्यातला बराचसा परत खाली येतो. मात्र उंचावर तापमान सुमारे १,५०० केल्व्हिनखाली गेले की धुळीचे कण गोठू लागतात, ताऱ्याचा प्रकाश त्यांना बाहेर रेटतो आणि कणांच्या टकरींमुळे वायूही ओढला जातो. धूळ कोणती, हे कार्बन व ऑक्सिजन यांच्या प्रमाणावर ठरते, कारण जे कमी ते कार्बन मोनॉक्साइडमध्येच अडकून पडते. कार्बन उरला तर काजळी होते. ती प्रकाश सहज शोषते. ऑक्सिजन उरला तर सिलिकेटे (सिलिकॉन व ऑक्सिजनयुक्त खनिजे) बनतात आणि तिथे खरी अडचण येते: ताऱ्याजवळ टिकणारी सिलिकेटे जवळपास पारदर्शक असतात. तिथे मोठ्या कणांवरून होणारे प्रकाशाचे विकिरण (विखुरणे) रेटा देत असावे.

१९५६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ आर्मिन डॉइच यांना रासलगेथी या तांबड्या ताऱ्याच्या वायूच्या शोषणरेषा (वायूने प्रकाश शोषल्याने पडणाऱ्या काळ्या रेषा) त्याच्या सोबती ताऱ्याच्या वर्णपटातही आढळल्या. वायू तिथवर पोचला होता, म्हणजे तो सुटलाच होता. ३३२ दिवसांनी उजळणाऱ्या मीरा या तांबड्या राक्षसी ताऱ्यामागे गॅलेक्स या जंबुपार अवकाश दुर्बिणीला तेरा प्रकाशवर्षे लांबीची शेपटी दिसली (२००७). तिच्यात सुमारे ३०,००० वर्षांत टाकलेले द्रव्य आहे. महाराक्षसी (याहून कितीतरी जड व मोठ्या) ताऱ्यांत ही क्रिया अनियमित असते. २०१९–२० मध्ये असाच एक तारा, काक्षी (बीटलज्यूस), मंदावला, तो स्वतःच फेकलेल्या वायूतून बनलेल्या धुळीआड.

या वाऱ्यात ताऱ्याच्या पोटात घडलेली मूलद्रव्येही असतात. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीचा तुकडा तीव्र आम्लांत विरघळवला, की तळाशी सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण उरतात. समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या) प्रमाणावरून त्यांतले बहुतेक अशाच कार्बनसंपन्न राक्षसी ताऱ्यांचे ठरतात. ते सूर्याहून जुने आहेत.