इशारा ओळ 14 चा, दुरुस्ती ओळ 87 ची

वडगावच्या मागावर कापडात उभी रेघ दिसली, की विणकर नुसता कापडाकडे बघत राहत नाही. फणीच्या मागे हात घालून ताण्यातलं तुटलेलं सूत शोधतो. दोष दिसतो एकीकडे, दुरुस्ती असते दुसरीकडे.

संगणकाच्या वॉर्निंगमध्ये, म्हणजे इशाऱ्यात, नेमकं हेच अवघड असतं. खानापूरकडची माझी एक विद्यार्थिनी गावच्या दूध डेअरीचा हिशेब पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहीत होती. उत्तरं बरोबर येत होती, पण पडद्यावर इशारा उमटला : हे फंक्शन पुढे बंद होणार आहे. (फंक्शन म्हणजे नावानं बोलावता येणारा प्रोग्रामचा तुकडा.) ठिकाण? तयार लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या फंक्शनांच्या संचाच्या, फाइलमधली ओळ 14. पोरगी तासभर ती फाइल वाचत बसली. "सर, ही फाइल मी लिहिलीच नाही की! ह्यात मी बदलू काय?" प्रश्न रास्त होता. बदलायची होती तिच्याच फाइलमधली ओळ 87, जिथून तिनं ते फंक्शन बोलावलं होतं.

एका फंक्शननं दुसऱ्याला बोलावलं, की कुठून बोलावलं याची नोंद मडक्यांच्या उतरंडीसारखी एकावर एक चढते. हाच स्टॅक. इशारा देणाऱ्या पायथॉनच्या 'वॉर्न' या फंक्शनला 'स्टॅकलेव्हल' हा आकडा देता येतो. दिला नाही तर तो 1 धरला जातो आणि इशारा जिथे लिहिलाय तीच ओळ छापली जाते. 2 दिला, की उतरंडीत एक मडकं खाली, म्हणजे बोलावणाऱ्याची ओळ. लायब्ररीत आतल्या आत चार फंक्शनं एकमेकांना बोलावत असतील तर हा आकडा चुकतो. म्हणून 2023 च्या पायथॉन 3.12 मध्ये 'या फोल्डरातल्या फाइली वगळून पहिली बाहेरची ओळ दाखव' असं सांगायची सोय आली. सी भाषेतल्या मॅक्रोंसाठी (नावाच्या जागी आपोआप घातला जाणारा कोड) क्लँग हा कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, दोन्ही जागा दाखवतो, वापराची आणि व्याख्येची. मला तीच रीत सर्वांत प्रामाणिक वाटते.

चुकीच्या ओळीनं आणखी एक नुकसान होतं, आणि ते मला जास्त खुपतं. एका जागेवरचा तोच इशारा पायथॉन सहसा एकदाच दाखवतो. सगळ्यांची जागा ओळ 14 च ठरली, तर पहिल्यानंतरचे सगळे गिळले जातात.

आम्ही तिच्या संगणकावरच्या लायब्ररीत तो आकडा 2 केला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पडद्यावर एकाऐवजी तीन इशारे आले : ओळ 87, 112 आणि 140.