चांदबिबीचं किशोर चरित्र आणि वऱ्हाडाचा तह : पार्श्वभूमी

नाशिकमध्ये बारा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी चांदबिबीचं एक चरित्र तयार होत आहे. आराखडा करताना त्यात एकच गोष्ट वादाची ठरली. वऱ्हाड मुघलांना देऊन 1596 साली जो तह झाला, त्याला स्वतंत्र प्रकरण द्यायचं, की मुघल वेढ्यात तिने नगरचा पडलेला तट रातोरात उभा केला त्या रात्रीनंतर नेहमीसारखा तो एका ओळीत उरकायचा? प्रकरण द्यायचं ठरलं, पण सगळ्यांना पटून नव्हे. शाळांमध्ये वावरणाऱ्यांची अडचण अशी होती, की जिंकलेली नायिका पान उलटताच अख्खा प्रांत देऊन टाकते, हे मुलांना सांगायचं कसं? अडचण खरी आहे, आणि जुनीही.

चांदबिबीचा आधीचा काळ थोडक्यात असा. जन्म 1550 च्या सुमाराचा, हुसेन निजामशहाची मुलगी. तालिकोटच्या लढाईआधी दख्खनी सुलतानांची जी जुळवाजुळव झाली, तिच्यात विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. 1580 मध्ये अलीचा खून झाला, गादीवर नऊ वर्षांचा इब्राहिम आला आणि त्याचा सांभाळ हिच्याकडे. विजापूरचा कारभारी किश्वरखान याने तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं; ती सुटली आणि पुढे माहेरी नगरला परतली. बहुतेक किशोर पुस्तकांची निम्मी पानं इथेच खर्च होतात. घोडेस्वारी, शिकार, अनेक भाषा, सतार. त्यामुळे नगरची 1588 ते 1595 ही सात वर्षं दोन परिच्छेदांत कोंबावी लागतात, आणि वेढा का पडला हेच मुलांना कळत नाही.

ती सात वर्षं समजली तरच पुढचं समजतं. मुर्तझा निजामशहाला 1588 मध्ये त्याच्याच मुलाने मारलं. तो मुलगा मीरान हुसेन पुढच्याच वर्षी मारला गेला. मग इस्माईल, मग त्याचा बाप बुऱ्हाण, मग इब्राहिम. हा इब्राहिम 1595 मध्ये विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. दख्खनी, हबशी आणि परदेशी सरदारांच्या गटांनी आपापला वारस पुढे केला. दख्खनी गटाच्या मियाँ मंजूने अहमद नावाचा मुलगा गादीवर बसवला. तो राजघराण्यातला नाहीच असं उघड झाल्यावर स्वतःच्या बचावासाठी मंजूने गुजरातेतून अकबराचा मुलगा शहजादा मुराद याला बोलावलं. मुराद निघाला आणि मंजूला पश्चात्ताप झाला, पण आता उशीर झाला होता. चांदबिबीने इब्राहिमच्या तान्ह्या मुलाचा, बहादूरचा, हक्क धरला आणि किल्ला हातात घेतला. डिसेंबर 1595 मध्ये मुघल फौज नगरसमोर येऊन ठेपली.

वेढ्याचं प्रकरण लिहिताना हमखास चूक होते ती सुरुंगांची. ‘सुरुंग लावले, तट उडाला, तिने तो बांधला’ एवढ्या तीन वाक्यांत सगळं संपतं. मुलांना मात्र यंत्रणा कळायला हवी, आणि ती सांगायला अवघड नाही. तटासमोर उभारलेल्या मोर्चाच्या आडोशाने भुयार खणत तटाच्या पायाखाली न्यायचं, शेवटी कोठडी करायची, तिच्यात दारूच्या गोण्या रचायच्या, तोंड दगडमातीने पक्कं बुजवायचं म्हणजे स्फोटाचा जोर मागे न येता वर जाईल, आणि बत्तीसाठी वाट ठेवायची. आतल्यांनी उलट बाजूने खणून ती कोठडी गाठली, तर दारू काढून घेता येते किंवा भिजवता येते. नगरला पाच सुरुंग घातले होते. मुघल छावणीतल्या ख्वाजा मुहम्मदखान शिराझीने रात्री ही बातमी आत पोहोचवली. आतल्यांनी दोन निकामी केले. तिसऱ्यावर काम चालू असतानाच बत्ती दिली गेली. तटाला मोठं खिंडार पडलं आणि खणणारेही गेले.

इथे मुघलांचं काय चुकलं हे बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत. मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांचं पटत नव्हतं. (हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे आहेत तो रहीम हाच, मुलांना हे सांगितलं की ती सावरून बसतात.) यशाचा वाटेकरी नको म्हणून मुरादने घाई केली. खिंडार पडल्यावरही फौज लगेच घुसली नाही, कारण उरलेले सुरुंग उडायची ती वाट पाहत होती, आणि त्यातले दोन तर आधीच रिकामे झाले होते. त्या अवधीत चांदबिबी चिलखत चढवून, बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन खिंडारावर आली. संध्याकाळपर्यंत हल्ले परतवले गेले. रात्रभरात मिळेल त्या दगडमातीने तट पुन्हा उभा राहिला. एका स्त्रीच्या धैर्याइतकीच ही बाहेरच्या दोन सेनापतींच्या भांडणाचीही गोष्ट आहे. त्याने तिचं कर्तृत्व कमी होत नाही, उलट तिने नेमकी कोणती फट ओळखली ते दिसतं.

बहुतेक चरित्रं इथे दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवून थांबतात. नगरातच बसून लिहिणाऱ्या सय्यद अली तबातबाची बखरही तहाशी येऊन संपते. पण तो निदान तहापर्यंत येतो.

तह झाला कारण दोन्हीकडे दम संपत आला होता. किल्ल्यात माणसं आणि धान्य कमी, तट रातोरात बांधलेला. बाहेर मुघलांना रसद मिळेना, सरदारांत फूट, आणि सुहेलखानाच्या हाताखाली विजापूर-गोवळकोंड्याची मदत वाटेवर. मुरादने वऱ्हाड मागितलं. चांदबिबीने आधी नाही म्हटलं, मग मान्य केलं. बदल्यात वेढा उठला आणि बहादूरची गादी मान्य झाली.

या निर्णयावर दोन टोकांची मतं आहेत. एक म्हणतं, मदत वाटेवर असताना प्रांत सोडणं ही घाई होती. दुसरं म्हणतं, सुहेलखान पोहोचेपर्यंत तो तट टिकलाच असता याची हमी कुणी द्यायची? नव्या चरित्राचा कल दुसऱ्या बाजूला आहे आणि तो लपवलेला नाही. त्यासाठी एक तारीख पुरेशी आहे, जी किशोर पुस्तकांत जवळपास कधीच येत नाही. वऱ्हाड निजामशाहीत आलं ते 1574 मध्ये, मुर्तझाने इमादशाही बुडवली तेव्हा. म्हणजे तहाच्या वेळी ते नगरकडे येऊन जेमतेम बावीस वर्षं झाली होती. जुन्नर, दौलताबाद, परांडा, नगर हा राज्याचा गाभा. गाभा राखून शेवटी आलेला तुकडा सोडला, असं या तहाकडे पाहता येतं.

गुंता पुढे आहे. वऱ्हाड दिलं, पण कोणतं वऱ्हाड? आजच्या मुलाला वऱ्हाड म्हटलं की अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ दिसतात. त्या काळचा वऱ्हाड सुभा याहून बराच मोठा. अबुल फजलाच्या ‘ऐन-ए-अकबरी’त त्याच्या सरकारांमध्ये, म्हणजे विभागांमध्ये, गाविल, नरनाळा, मेहकर, बाशीम, माहूर यांच्यासोबत चक्क पाथरीचं नाव आहे. पाथरी आज परभणी जिल्ह्यात येतं, आणि गोदावरीच्या खोऱ्यात असल्याने ते नगरला त्यामानाने जवळ पडतं. तहानंतर मुघल अंमलदारांनी पाथरी घेतली. नगरचं म्हणणं, हे वऱ्हाडात येतच नाही. मुघलांचं म्हणणं, येतं. पुन्हा युद्ध पेटण्याचं हे एक ठळक कारण. फेब्रुवारी 1597 ची लढाई सोनपेठजवळ, याच टापूत झाली. सुहेलखान तिथे हरला. म्हणून पुस्तकातल्या नकाशात आजच्या जिल्ह्यांचं वऱ्हाड रंगवून भागत नाही. दोन रेषा लागतात. आजची वऱ्हाडाची हद्द तुटक, सोळाव्या शतकातल्या सुभ्याची सलग, आणि पाथरी वेगळ्या छटेत. एका रंगाच्या छपाईत दोन रेषा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे हे पान तरी दोन रंगांत घ्यावं लागतं.

नाण्यांच्या तोफेची गोष्टही याच वादाशी जोडलेली आहे. ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफने 1826 मध्ये नगरकडची लोकपरंपरा नोंदवली: गोळे संपले तेव्हा तिने तोफांत आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरली, आणि दागिने उडवायची वेळ आली तेव्हाच तहाला होकार दिला. त्याच जागी तो मुघल इतिहासकार खाफीखानाने लिहिलेल्या चांदीच्या गोळ्यांचाही उल्लेख करतो. इतिहास म्हणून ही गोष्ट टिकत नाही. पण तिचा शेवट बघा: लोकांनाही तहच समजावून घ्यायचा होता. शाळेच्या नाटकांत नाणी राहिली आणि तहाचं शेपूट गळालं. नव्या चरित्रात ती चौकटीत, ‘लोक काय सांगतात’ या मथळ्याखाली आहे, तहाच्या प्रकरणात, वेढ्याच्या नाही.

साधनांबद्दल मुलांना एवढं तरी सांगावं, की त्या काळचा फारसी इतिहासकार फिरिश्ता 1589 मध्ये नगर सोडून विजापूरला गेला होता. वेढा त्याने पाहिला नाही. त्याचा आश्रयदाता इब्राहिम आदिलशहा म्हणजे चांदबिबीने लहानपणी सांभाळलेला तोच मुलगा. तिच्याबद्दल वाईट लिहायचं त्याला कारण नव्हतं. अबुल फजल अकबराचा माणूस, 1599 पासून स्वतः दख्खनेत. दोघांचा सूर वेगळा आहे आणि दोघांचे उतारे शेजारी छापले तर मुलांना तो ऐकू येतो.

तारखांचा घोळ मोठा. हिजरी वर्ष 354 दिवसांचं, साधारण 33 हिजरी वर्षं म्हणजे 32 सौर वर्षं. वय हिजरीत मोजलेलं असेल तर पन्नाशीला दीड वर्षाचा फरक पडतो. हिजरी 1004 सुरू होतं सप्टेंबर 1595 मध्ये, त्यामुळे वेढा दोन इसवी सनांत मोडतो आणि ‘1004 = 1596’ असं सरळ लिहिलं की डिसेंबरची घटना वर्षभर पुढे सरकते. भरीला जुन्या इंग्रजी लेखकांचं ज्युलियन पंचांग, दहा दिवस मागे. उपाय एकच: पुस्तकभर ग्रेगोरियन, आणि दिवसाची खात्री नसेल तिथे फक्त महिना. मापांतही असंच. अकबरी गज साधारण 33 इंचांचा, यार्ड 36 चा. ‘गज’ला यार्ड समजून फूट काढले की प्रत्येक मोजमाप फुगतं.

स्वतंत्र प्रकरण म्हणजे पानांचा हिशेबही बदलतो. डेमी आकार, 14 पॉइंटचा टाइप, पानाला सव्वादोनशे-अडीचशे शब्द, सोळा पानांचे सात फॉर्म, एकूण 112 पानं. वंशावळ, नकाशे, कालपट, शब्दार्थ आणि चित्रं वगळता मजकुराला नव्वद उरतात. तहाला आठ पानं द्यायची तर एक फॉर्म वाढवा, नाहीतर बालपणातून आठ कापा. बालपणातून कापली. घोडेस्वारीचं प्रकरण बारा पानांवरून चारवर आलं, आणि त्यात मुळात आधाराचं फारसं काही नव्हतंच.

मुखपृष्ठावर बहुधा घोड्यावरून ससाणा घेऊन शिकारीला निघालेली चांदबिबी असते. ती दख्खनी चित्रं 1700 च्या सुमाराची, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांची. तशी ओळ चित्राखाली हवी. नगरच्या शाह डोंगरावरच्या तीनमजली अष्टकोनी इमारतीचा फोटोही ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून सर्रास छापला जातो. तो सलाबतखानाचा मकबरा आहे. नाशिकहून सहली तिथे जातात, म्हणून फोटो ठेवला आहे, दोन्ही नावांसह. शहराचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. मजकुरात त्या काळापुरतं अहमदनगर आणि आजच्या नकाशावर अहिल्यानगर.

मृत्यूचं प्रकरण तहाच्या प्रकरणाशिवाय कळतच नाही. मधल्या चार वर्षांत तिने नेमलेला पेशवा मुहम्मदखान उलटला, मग सरदार अभंगखान उलटला. मे 1599 मध्ये मुराद मेला, त्याच्या जागी त्याचा भाऊ दानियाल आला, आणि अकबर स्वतः बुऱ्हाणपुरापर्यंत आला. अभंगखान लढाई न देताच जुन्नरकडे गेला. 1600 च्या वेढ्यात चांदबिबीचा हिशेब पुन्हा तोच होता: किल्ला द्यावा, माणसं आणि बहादूर सुखरूप जुन्नरला न्यावा. या वेळी ‘बाई फितूर झाली’ अशी ओरड करत किल्ल्यातलाच हमीदखान गल्लीतून फिरला आणि जमावाने आत घुसून तिला मारलं. ऑगस्टमध्ये किल्ला पडला, बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवलं. 1596 ला ज्यासाठी तिचा जयजयकार झाला तेच ती करू पाहत होती. किशोर पुस्तकांत इथे ‘विश्वासघाताने’ हा एकच शब्द येतो आणि तो हमीदखानाला चिकटतो. जमाव आपल्याच माणसांचा होता हे राहून जातं. नव्या मसुद्यात ‘तिच्याच सैनिकांनी’ असं लिहिलं आहे. बारा वर्षांच्या वाचकाला हे जड जाईल का यावर पुन्हा चर्चा झाली, आणि शब्द तसेच राहिले. मारण्याचं वर्णन मात्र एका वाक्याबाहेर जात नाही.

नाशिककरांसाठी परिशिष्टात दोन पानं आहेत. हा मुलूख तेव्हा निजामशाहीकडेच मोडत होता. मालेगाव तालुक्यातल्या गाळणा किल्ल्यावर त्या काळचे फारसी शिलालेख आहेत. चांदवडजवळच्या इंद्राईवरचा फारसी लेख त्यानंतरचा, शहाजहानच्या फौजांनी या डोंगररांगेतले किल्ले घेतले तेव्हाचा. नगर 1600 मध्ये पडलं तरी निजामशाही मलिक अंबरच्या हाताखाली उभी राहिली आणि 1636 पर्यंत चालली. परिशिष्टातल्या नकाशात गाळणा, इंद्राई, जुन्नर आणि नगर एकत्र दाखवले आहेत, त्यामुळे चांदबिबीला बहादूरला घेऊन जुन्नरलाच का जायचं होतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.