नॉर्थ सी: पैशाचे नियम आधी, जिवाचे नंतर

पेट्रोलच्या भावाची बातमी आली की त्यात ब्रेंट क्रूड हा शब्द असतोच, पण हे ब्रेंट म्हणजे नक्की काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तर ब्रेंट हे नॉर्थ सी मधलं, म्हणजे ब्रिटन आणि नॉर्वेच्या मधल्या समुद्रातलं, स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या ईशान्येला असलेलं एक ऑइल फील्ड, १९७१ मध्ये सापडलेलं, आणि शेल कंपनी तेव्हा आपल्या फील्डना पाणपक्ष्यांची नावं द्यायची म्हणून ब्रेंट नावाच्या एका रानहंसाचं नाव त्याला मिळालं. २०२१ मध्ये त्याच्या शेवटच्या प्लॅटफॉर्मवरचं उत्पादन थांबलं, भाव मात्र अजून त्याच्याच नावाने लागतो, फक्त आता त्या नावाखाली फोर्टीज, इकोफिस्क, ट्रोल वगैरे दुसऱ्या फील्डचं तेल मोजतात.

या समुद्राबद्दल वाचत गेलो तसतशी एक गोष्ट मनात पक्की होत गेली, की इथे, निदान नॉर्वेच्या बाजूला, पैशाचे नियम तेल सापडायच्या आधीपासून ठरायला लागले होते, आणि माणसांच्या जिवाचे नियम माणसं मेल्यावर आले.

सुरुवात अगदीच नन्नाच्या पाढ्याने झाली. १९५८ साली नॉर्वेच्या भूगर्भ खात्याने परराष्ट्र खात्याला लेखी कळवलं होतं की आपल्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रतळात कोळसा, तेल किंवा गंधक मिळेल ही शक्यता सोडून द्या. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, हॉलंडच्या ग्रोनिंगेन प्रांतात स्लोख्तेरन गावाजवळ जमिनीखाली गॅस लागला आणि तो पश्चिम युरोपातला सगळ्यात मोठा साठा निघाला. मग सगळ्यांच्या डोक्यात आलं की हे खडक काय किनाऱ्यापाशी येऊन थांबत नाहीत, ते पुढे समुद्राखाली गेलेले असणार. ऑक्टोबर १९६२ मध्ये फिलिप्स या अमेरिकन कंपनीने नॉर्वेला पत्र लिहिलं, महिन्याला १,६०,००० डॉलर देतो, आम्हाला तुमच्या समुद्रात शोध घेऊ द्या. मासेमारी आणि जहाजांवर जगणारा छोटा देश, मोह होणं साहजिक होतं, पण त्यांनी एकाच कंपनीच्या हातात सगळं द्यायला नकार दिला आणि ३१ मे १९६३ ला जाहीर केलं की आपल्या वाटणीचा समुद्रतळ आणि त्याखाली जे काही आहे ते राष्ट्राचं. १९६५ मध्ये ब्रिटन आणि डेन्मार्कबरोबर समुद्राच्या मधोमध हद्दीची रेषा ठरली आणि त्याच वर्षी पहिल्या फेरीत ७८ ब्लॉकसाठी, म्हणजे समुद्रतळाच्या आखून दिलेल्या तुकड्यांसाठी, शोध घ्यायची २२ लायसन्स दिली. हे सगळं झालं तेव्हा नॉर्वेकडे तेलाचा एक थेंबही नव्हता हे लक्षात घ्या.

पहिली विहीर १९६६ मध्ये खणली, कोरडी. मग एकामागून एक विहिरी वाया गेल्या, कुठे थोडंफार लागलं पण परवडण्यासारखं नाही, आणि १९६९ पर्यंत फिलिप्सचाही धीर सुटत आला होता, पण ओशन व्हायकिंग ही रिग भाड्याने घेतलेली होती आणि खणलं नाही तरी भाडं द्यावंच लागणार होतं, म्हणून अजून एक विहीर घेतली. तिलाच इकोफिस्कचं तेल लागलं. १९६९ च्या ख्रिसमसच्या सुमारास बातमी पक्की झाली आणि १९७१ च्या जूनमध्ये तिथून तेल यायला लागलं.

याच काळात फारूक अल-कासिम हा माणूस या गोष्टीत येतो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बसऱ्याचा इराकी भूगर्भतज्ज्ञ, बायको नॉर्वेजियन, धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, त्याच्या उपचारासाठी चांगली नोकरी सोडून १९६८ मध्ये हे कुटुंब नॉर्वेला आलं. ऑस्लोला सकाळी उतरले, बायकोच्या गावाकडे जाणारी ट्रेन संध्याकाळी, मधला वेळ मोकळा, तर हा माणूस उद्योग मंत्रालयात गेला आणि विचारलं की इथे तेलाचं काम करणाऱ्या कंपन्यांची यादी मिळेल का. त्या मंत्रालयात तेव्हा तेलाचं काम बघणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यांना तर घरबसल्या तज्ज्ञ मिळाला! त्यांनी त्याला ठेवून घेतलं आणि नॉर्थ सी मधल्या विहिरींचे रिपोर्ट तपासायला दिले. इराकमध्ये परदेशी कंपन्या तेल कसं नेतात हे त्याने आतून पाहिलेलं होतं, त्यामुळे कागदावर काय लिहून घ्यायचं हे त्याला नेमकं कळत होतं.

पुढे नॉर्वेने जी घडी बसवली तिच्यात त्याचा मोठा हात आहे. १९७१ मध्ये तिथल्या संसदेत दहा तत्त्वं मांडली गेली, तेलावर देशाचं नियंत्रण, गॅस उगाच जाळायचा नाही, तो किनाऱ्यावर आणायचा, अशी. १९७२ मध्ये स्टाटऑइल ही सरकारी कंपनी काढली आणि त्याच वर्षी देखरेखीसाठी स्टावांगरला पेट्रोलियम डायरेक्टोरेट वेगळं काढलं, म्हणजे तेल काढणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. पुढे फारूक त्याच डायरेक्टोरेटमध्ये गेला आणि साठ्यातलं जास्तीत जास्त तेल कसं निघेल यासाठी कंपन्यांच्या मागे लागला. इकोफिस्कचा खडक खडूसारखा मऊ, सुरुवातीला त्यातलं फक्त १७ टक्के तेल हाती लागेल असा अंदाज होता, साठ्यात पाणी सोडायला लागल्यावर तो ५० टक्क्यांच्या आसपास गेला. त्या मऊ खडकामुळेच तेल निघालं तसा समुद्राचा तळ खचत गेला, आणि १९८७ मध्ये समुद्रात उभे असलेले प्लॅटफॉर्म जॅक लावून ६ मीटर वर उचलले होते.

पैशाचं तर सगळ्यांना माहीत आहे. आज तिथे तेलाच्या नफ्यावर एकूण ७८ टक्के टॅक्स आहे, तेलाचा पैसा साठवायच्या सरकारी फंडाचा कायदा १९९० चा आणि पहिले पैसे त्यात १९९६ मध्ये पडले. आज तो दीड ट्रिलियन डॉलरच्या वर आहे, आणि देशाची लोकसंख्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी.

ब्रिटनची गोष्ट घाईची. १९७३ चं तेलसंकट, मग १९७६ मध्ये आयएमएफकडे हात पसरायची वेळ, त्यामुळे फोर्टीज, ब्रेंट जे हाताशी होतं ते लवकरात लवकर काढायचं असंच धोरण राहिलं, आलेला पैसा बजेटमध्ये जिरला आणि नॉर्वेसारखा फंड काही झाला नाही. अपवाद शेटलंडचा. तिथल्या बेटांच्या कौन्सिलने १९७४ मध्ये पार्लमेंटकडून स्वतःपुरता कायदा करून घेतला आणि तिथे उभ्या राहणाऱ्या सलम व्हो या तेलाच्या टर्मिनलच्या बदल्यात कंपन्यांकडून पैसे घेऊन बेटावरच्या लोकांसाठी साठवले. एवढीशी कौन्सिल, पण लंडनला जे सुचलं नाही ते तिला सुचलं.

आता जिवाचं. ब्रिटनला समुद्रातला पहिला गॅस १९६५ मध्ये सी जेम नावाच्या रिगने मिळवून दिला. ही मुळात एक जुनी बार्ज, तिला पाय लावून रिग केलेली. २७ डिसेंबरला जागा बदलण्यासाठी तिला खाली घेत असताना कडाक्याच्या थंडीत पायांजवळचे पोलादी दुवे तुटले आणि ती कोसळली, १३ माणसं गेली. ऑफशोअर सुरक्षेचा स्वतंत्र कायदा आला तो १९७१ मध्ये.

मग २७ मार्च १९८०, अलेक्झांडर कीलंड. हे फ्लोटेल, म्हणजे कामगारांच्या राहण्याची तरंगती जागा, पाच पायांची, इकोफिस्कजवळच्या एडा फील्डपाशी उभी होती. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एक पाय निखळला आणि अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटं झालं, २१२ पैकी १२३ माणसं गेली. चौकशीत जे सापडलं ते वाचून सुन्न व्हायला होतं. एका आडव्या पाईपमध्ये हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र, बसवायला छोटा आधार वेल्ड केलेला होता, त्या ६ मिलीमीटरच्या वेल्डपासून भेग सुरू झाली होती, आणि भेगेच्या आत रंग सापडला, म्हणजे यार्डात रंगकाम झालं तेव्हाही ती भेग तिथे होती आणि रंग मारणाऱ्याचा ब्रश तिच्यावरून गेला होता!

पायपर आल्फा, ब्रिटनच्या बाजूचा तेल-गॅसचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८, स्कॉटलंडच्या ॲबर्डीनपासून सुमारे १९० किलोमीटर. तिथे दोन पंप होते, ए आणि बी. दिवसपाळीत ए पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या जागी नुसतं झाकण बसवलेलं. त्या व्हॉल्व्हचं परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, वेगळ्या कागदावर, पंपाच्या दुरुस्तीचं वेगळ्या. रात्री बी पंप बंद पडला, कंट्रोल रूममधल्या लोकांनी ए चं परमिट पाहिलं, व्हॉल्व्हचा कागद त्यांच्यासमोर आलाच नाही, ए सुरू केला आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला. पाण्यात डायव्हर असायचे, ते ओढले जाऊ नयेत म्हणून आग विझवायचे पंप मॅन्युअलवर ठेवलेले, त्यामुळे ते आपोआप सुरू झाले नाहीत. त्यात शेजारच्या टार्टन आणि क्लेमोर प्लॅटफॉर्मवरून याच लाइनमध्ये माल येतच राहिला. राहण्याच्या जागेत हेलिकॉप्टरची वाट बघत थांबलेले बरेचसे तिथेच गेले, वाचलेल्या ६१ पैकी अनेकांनी सरळ समुद्रात उड्या टाकल्या होत्या. १६७ मृत्यू, त्यातले दोघं वाचवायला गेलेले.

उरणला आमच्या ओळखीतले एक काका होते, बॉम्बे हायवर १४ दिवस ड्यूटी आणि १४ दिवस सुट्टी, जुहूहून हेलिकॉप्टरने जायचे. ते सांगायचे की परमिटवर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, आणि पाळी बदलताना उघडं राहिलेलं प्रत्येक परमिट पुढच्या माणसाला समोर उभं राहून वाचून दाखवायचं. लहानपणी मला तो नुसता कागदी घोळ वाटायचा. पायपर आल्फाबद्दल वाचलं तेव्हा तो कागद काय आहे ते कळलं.

पायपर आल्फाबद्दलच्या लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या आणि त्यानुसार ब्रिटनने ऑफशोअर सुरक्षेचं काम ऊर्जा खात्याकडून काढून दुसरीकडे दिलं, कारण उत्पादन वाढवा म्हणणारं आणि सुरक्षा तपासणारं खातं एकच होतं. नॉर्वेलाही हे लगेच जमलं नाही बरं का, तिथे सुरक्षेची यंत्रणा डायरेक्टोरेटपासून वेगळी व्हायला २००४ साल उजाडलं.

आणि डायव्हर. सुरुवातीच्या वर्षांत पाइपलाइन आणि प्लॅटफॉर्म उभे राहिले ते शेकडो फूट खोल गार पाण्यात उतरणाऱ्या माणसांच्या जिवावर. खोलवरून वर आणताना शरीरावरचा दाब हळूहळू उतरवावा लागतो, त्याचं वेळापत्रक असतं, त्याला टेबल म्हणतात. जितकं टेबल छोटं तितका डायव्हर लवकर बाहेर आणि काम स्वस्त, त्यामुळे कंपन्या आपापली टेबलं धंद्याचं गुपित म्हणून लपवून ठेवायच्या, आणि आपल्याला बाकीच्यांपेक्षा किती लवकर वर आणलं जातंय हे पाण्यात उतरणाऱ्याला कळायचं नाही. मेंदू, फुप्फुसं, कान यांचं नुकसान घेऊन जगणाऱ्या या डायव्हरांपैकी काही जण नॉर्वे सरकारविरुद्ध लढत लढत स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टापर्यंत गेले, आणि ५ डिसेंबर २०१३ ला कोर्टाने सांगितलं की त्या टेबलांमधला धोका या माणसांना कळेल याची काळजी सरकारने घ्यायला हवी होती आणि ती घेतली नाही.