‘डाउन’ पँटेरा फुटल्यावर निघाला? नाही, त्याच्या कितीतरी आधी

पँटेरा आणि डाउन हे अमेरिकेतले दोन हेवी मेटल (जड, आक्रमक रॉक) बँड; दोन्हींचा गायक एकच. ‘पँटेरा मोडला, मग गायक फिल अँसेल्मोने डाउन काढला,’ हे मेटल ऐकणाऱ्यांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

डाउन जमला 1991 मध्ये, न्यू ऑर्लिन्सला. तेव्हा पँटेराचा सुवर्णकाळ जेमतेम सुरू झाला होता. अँसेल्मोसोबत होते इतर बँडमधले वादक: कोरोजन ऑफ कन्फॉर्मिटीचा पेपर कीनन, क्रोबारचे कर्क विंडस्टीन आणि टॉड स्ट्रेंज, आयहेटगॉडचा जिमी बोअर. सगळे जुने मित्र. त्यांनी तीन गाण्यांची डेमो कॅसेट केली आणि वाजवणारे कोण हे न सांगता ती लोकांच्या हाती दिली. नावाच्या जोरावर नव्हे, निव्वळ आवाजावर ती हातोहात पसरली. मला या बँडचं सर्वांत मोठं कौतुक याचंच वाटतं.

‘नोला’ हा पहिला अल्बम 1995 चा, दुसरा 2002 चा. त्या दुसऱ्यात बेसवर खुद्द पँटेराचा रेक्स ब्राउन आहे. पँटेरा अधिकृतपणे संपला 2003 मध्ये.

गैरसमज बहुधा पुढच्या काळामुळे झाला. 2007 मध्ये तिसरा अल्बम आला, तेव्हा पँटेरा उरला नव्हता आणि डाउन जोरात दौरे करत होता. नव्या श्रोत्यांना तीच सुरुवात वाटली.