आजी-आजोबा, नातवंडे आणि जिगसॉ पझल : पार्श्वभूमी

सुटीत आलेल्या नातवंडांना घेऊन आजी-आजोबा जिगसॉ पझल लावायला बसतात, तेव्हा खेळ आणि शिकवणी यांतली सीमा सहज पुसली जाते. या खेळाचा इतिहास पाहता त्यात नवल नाही, कारण त्याची सुरुवातच भूगोलाच्या शिकवणीतून झाली.

लंडनमधील नकाशे कोरणारा कारागीर जॉन स्पिल्सबरी याने १७६० च्या दशकात महोगनीच्या पातळ फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमारेषांवरून कापले आणि विकायला काढले. एकेक देश हातात घेऊन त्याचे शेजारी शोधताना मुलांना नकाशा पाठ व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांना सांभाळणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांनीही असे नकाशे वापरले. हाताने कापलेले हे लाकडी नकाशे महाग असल्यामुळे ते सधन घरांतच पोहोचले. त्यांचे बहुतेक तुकडे एकमेकांत अडकत नसत, त्यामुळे टेबलाला जरा धक्का लागला तरी जुळवलेला युरोप विस्कटत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मोठी माणसेही या खेळाच्या नादी लागली. १९०९ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने आपला कारखाना काही काळ केवळ पझलसाठीच राबवला. खोक्यावर चित्र छापण्याची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे शेवटी काय उमटणार हे लावणाऱ्याला ठाऊक नसे.

आजच्या कौटुंबिक खेळाचे खरे श्रेय मात्र, माझ्या मते, १९३० च्या दशकातील महामंदीला द्यावे लागेल. साच्याने एका दाबात कापलेली पुठ्ठ्याची पझल वृत्तपत्रांच्या स्टॉलवर पंचवीस सेंटला मिळू लागली आणि १९३३ च्या सुरुवातीला त्यांचा खप आठवड्याला एक कोटीपर्यंत गेला. हाताशी पैसा नव्हता, वेळ भरपूर होता, आणि एकच पझल अख्ख्या घराला कित्येक संध्याकाळी पुरत असे. वाचनालयेही पुस्तकांप्रमाणे पझल घरी नेऊ देत.

पुढे वयानुसार तुकड्यांची संख्या ठरू लागली, तशी आजोबांची हजार तुकड्यांची पेटी वेगळी आणि नातीची चोवीस तुकड्यांची वेगळी झाली. ही फारकत टाळण्यासाठी अलीकडे काही उत्पादक एकाच चित्रात एका बाजूला मोठे, मध्ये मध्यम आणि दुसऱ्या बाजूला बारीक तुकडे ठेवतात, म्हणजे चार वर्षांची नात आणि सत्तरीचे आजोबा दोन टोकांकडून एकच चित्र पुरे करू शकतात.