बेसेर्म्यान लोकांचे मूळ

बेसेर्म्यान हा रशियातील उद्मुर्तिया प्रजासत्ताकाच्या उत्तर भागात, चेप्त्सा नदीच्या खोऱ्यात राहणारा एक अल्पसंख्य समाज. यूकामेन्स्कोये, ग्लाझोव्ह, बालेझिनो आणि यार या जिल्ह्यांत त्यांची गावे आहेत. त्यांची बोली उद्मुर्त भाषेची, म्हणजे युरालिक कुळाच्या पर्मिक शाखेतली. धर्म अठराव्या शतकापासून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. आणि नाव मात्र ‘मुसलमान’ या शब्दाच्याच घराण्यातले. या तिन्हींचा मेळ बसत नाही, म्हणून त्यांच्या मुळाचा वाद उभा राहिला.

एका मतानुसार ते व्होल्गा-बल्गार (व्होल्गाकाठचे मध्ययुगीन मुस्लिम लोक) किंवा चुवाशांसारख्या तुर्की भाषाकुळातील गटाचे वंशज असून, उत्तरेकडे सरकल्यावर त्यांनी शेजाऱ्यांची भाषा उचलली. दुसऱ्या मतानुसार ते मुळात दक्षिणेकडचे उद्मुर्तच. बल्गारांच्या आणि पुढे मुस्लिम तातारांच्या सहवासात त्यांच्यावर इस्लामी संस्कार झाले. दोन्ही प्रवाह मिसळले असे मानणाराही एक पक्ष आहे.

नावावर भिस्त ठेवली तर हमखास चूक होते. इटालियन धर्मदूत कार्पिनी याने 1240 च्या दशकातील मंगोल-प्रवासात ‘बिसेर्मिन’ लोकांचा उल्लेख केला आहे, पण तो मध्य आशियातील मुसलमानांविषयी. चेप्त्साकाठच्या या समाजाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतील रशियन दप्तरात याच खोऱ्यातील लोकांना ‘चुवाश’ म्हटलेले आढळते. तुर्की मताचा हा मोठा आधार असला, तरी त्या काळच्या कारकुनी भाषेत हा शब्द करदात्या वर्गासाठीही वापरला जाई. आजच्या चुवाश राष्ट्रीयत्वाचा अर्थ त्याला सरसकट लावता येत नाही.

पोशाखाचा पुरावा अधिक बोलका आहे. विवाहित स्त्रीचे नाण्यांनी मढवलेले शिरोभूषण ‘कश्पू’ हे नावाने आणि घडणीनेही चुवाश ‘हुश्पू’चे सख्खे भावंड वाटते. मुलींच्या ‘ताक्या’ टोपीचेही भाऊबंद चुवाश आणि तातारांकडे सापडतात. बळी देण्याच्या विधीला ते ‘कुर्बोन’ म्हणतात. आपल्या ‘कुर्बानी’चे मूळही तेच. मात्र पोशाख आणि विधी शेजाऱ्यांकडून घेता येतात, त्यामुळे त्यावरून रक्ताचे नाते ठरत नाही.

भाषेबाबत भाषाशास्त्रज्ञ त. इ. तेप्ल्याशिना यांचा 1970 चा अभ्यास पायाभूत मानला जातो. ही बोली उत्तरेकडे बोलली जात असूनही तिच्यात दक्षिणी उद्मुर्तची वैशिष्ट्ये आढळतात. स्थलांतराची बाजू यामुळे बळकट होते, आणि आमच्या मते एवढा मुद्दा तरी कोणत्याही सिद्धान्ताला टाळता येणार नाही. बल्गार-वळणाच्या उसन्या शब्दांवर जास्त भार टाकू नये, कारण असे शब्द सगळ्याच उद्मुर्तमध्ये आहेत.

1926 च्या जनगणनेत बेसेर्म्यान दहा हजारांच्या आसपास होते. त्यानंतर त्यांची गणना उद्मुर्तांत होऊ लागली. 1992 मध्ये उद्मुर्तियाने त्यांचे नाव परत मान्य केले आणि 2000 मध्ये रशियाच्या अल्पसंख्य मूलनिवासी समाजांच्या यादीत त्यांचा समावेश झाला. 2002 ची संख्या 3,122 आणि 2010 ची 2,201. 1926 शी या आकड्यांची थेट तुलना करून समाज तेवढ्या प्रमाणात घटला असे म्हणता येत नाही, कारण मधल्या पिढ्यांतील अनेकांनी स्वतःची नोंद उद्मुर्त म्हणूनच कायम ठेवली.